झूम केलं तरी न फाटणारं चित्र: जुन्या आर्केड मशीनची कला व्हेक्टरमध्ये कशी उतरवतात?

फोनवर कुणीतरी फॉरवर्ड केलेला एखादा जुना फोटो उघडा आणि दोन बोटांनी झूम करत जा. थोड्याच वेळात चौकोन चौकोन दिसायला लागतात. आपण म्हणतो, 'फोटो फाटला'. आता ही जी अक्षरं तुम्ही वाचताय, तीच झूम करून बघा. कितीही मोठी केली तरी 'क'ची गोलाई गुळगुळीतच राहते.

एकाच स्क्रीनवर फोटो फाटतो आणि अक्षर फाटत नाही, असं का? उत्तर एका शब्दाचं आहे: व्हेक्टर. पण व्हेक्टर म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते एका जुन्या गेम मशीनवरचा राक्षस पुन्हा काढायला बसलो तेव्हा. त्या कामात मी एक चूक केली. गुळगुळीत, स्वच्छ, कुणालाही न दिसणारी चूक. या लेखात ते काम कसं करतात ते सांगतो, आणि ती चूकही.

गेम वाचला, पेटी मात्र झिजत गेली

मशीन होतं 'स्पेस इन्व्हेडर्स'चं. जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी हा गेम बनवला, साल १९७८. अमेरिकेत मिडवे कंपनीनं तो स्वतःच्या कॅबिनेटमध्ये घालून आणला. कॅबिनेट म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी पेटी. सगळ्यात वर आतून दिवा लागणारी नावाची पट्टी, तिला मार्की म्हणतात. त्याखाली स्क्रीन, मग बटणं, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर रंगवलेलं मोठं चित्र.

स्क्रीनवरचे परग्रहवासी फक्त ८ ठिपके उंच आणि जास्तीत जास्त १२ ठिपके रुंद होते. निशिकादोंनी त्यांना ऑक्टोपस, स्क्विड आणि खेकडा यांच्यासारखे आकार दिले. मिडवेच्या पेटीवर मात्र भलतेच राक्षस: मोठे, केसाळ, माणसासारखे उभे. गेममध्ये त्यांचा पत्ताच नाही! त्या काळच्या स्क्रीनला जे दाखवता येत नव्हतं, ते पेटीवरचं चित्र दाखवायचं. लांबून जाणाऱ्या माणसाला ओढून आणायचं काम त्याचंच होतं.

इतकंच नाही. त्या गेमचा मॉनिटर ब्लॅक-अँड-व्हाइट होता. जे रंग दिसायचे ते रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. मिडवेच्या उभ्या मशीनमध्ये तर मॉनिटरवरचं चित्र आरशातून दिसायचं आणि त्यामागे चंद्राच्या जमिनीचं छापील चित्र लावलेलं असायचं. म्हणजे खेळणाऱ्याला जे दिसायचं, त्यातला बराच भाग सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच.

आता गंमत बघा. या गेमचा सगळा प्रोग्राम ८ केबीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा एखादा स्टिकर याहून मोठा असतो. चिपमधला प्रोग्राम जसाच्या तसा कॉपी करता येतो. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाचा एम्युलेटर आणला आणि तेव्हापासून असे हजारो गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवता येतात. पण लाकडावरचा रंग असा कॉपी होत नाही. त्याला ऊन लागतं, ओल लागते, पार्लरमधला सिगारेटचा धूर बसतो. गेम जुना झाला, कमाई थांबली की मालक तीच पेटी रंगवून आत दुसरा गेम बसवायचे. खालचं चित्र गेलं ते गेलंच.

म्हणून जगभरचे काही हौशी लोक उरलेल्या पेट्यांवरची चित्रं व्हेक्टरमध्ये पुन्हा काढतात.

व्हेक्टर म्हणजे नेमकं काय?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचा तक्ता. कुठल्या घरात कुठला रंग, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. मोठा केला की घरं मोठी होतात.

व्हेक्टर म्हणजे कृती. रांगोळीचं पुस्तक आठवा. त्यात किती ठिपके घ्यायचे आणि कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा हे दिलेलं असतं. तीच रांगोळी तुम्ही उंबऱ्याशी वीतभर काढा नाहीतर अख्ख्या अंगणात काढा, रेघ तेवढीच स्वच्छ येते, कारण ती दर वेळी नव्यानं काढली जाते. व्हेक्टर फाइल उघडली की तुमचा फोन हेच करतो.

सरळ रेघ सोपी आहे, दोन टोकं सांगितली की झालं. वळणदार रेघेसाठी 'बेझिए कर्व्ह' वापरतात. फ्रान्सच्या रेनो कार कंपनीतल्या पियेर बेझिए यांच्यावरून हे नाव आलं. १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत कशी लिहायची, हा त्यांचा प्रश्न होता. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी हेच गणित त्याआधी सोडवलं होतं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं, म्हणून नाव दुसऱ्याचं लागलं.

या कर्व्हला चार बिंदू लागतात. दोन टोकं, त्यांना नोड म्हणतात. आणि प्रत्येक टोकाला एक अदृश्य दांडी, तिला हँडल म्हणतात. हँडल ज्या दिशेला, त्या दिशेनं रेघ निघते. हँडल जितकं लांब, तितका वेळ रेघ त्या दिशेला ओढलेली राहते. बस, एवढंच.

उदाहरण घ्या वर्तुळाचं. त्याला चार नोड पुरतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट ठेवायची. हे गणिताच्या दृष्टीनं अगदी परिपूर्ण वर्तुळ नसतं, पण ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळातही चूक ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी येते. डोळ्याला कळणं शक्य नाही.

तुमच्या फोनमधले फॉन्टसुद्धा असेच बनतात. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट तुम्ही कितीतरी साइटवर बघितले असतील. त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे नोड आणि हँडल. म्हणून सुरुवातीचा तो 'क' फाटला नाही.

आर्केडचं चित्र व्हेक्टरला का जमतं?

कारण ते मुळातच सपाट रंगांचं आहे. मिडवेच्या त्या काळातल्या पेट्यांच्या बाजूंवर स्टेन्सिल ठेवून रंग फवारलेला असायचा. एका रंगाला एक स्टेन्सिल. मार्कीसारखे भाग स्क्रीन प्रिंटिंगनं छापायचे, जशा आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात. तिथेही एका रंगाला एक स्क्रीन. फोटोसारख्या हळूहळू बदलणाऱ्या छटा नाहीत, कडा स्पष्ट. कापलेला आकार आणि त्यात भरलेला एक रंग, म्हणजे जवळजवळ व्हेक्टरच.

दुसरं कारण आकाराचं. मार्की साधारण २ फूट रुंद. ३०० डीपीआयनं छापायची तर ७,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो लागतो. फोनचा १२ मेगापिक्सेल कॅमेरा सुमारे ४,००० पिक्सेल रुंद फोटो देतो. ६ फुटांच्या बाजूच्या फळीला तर २१,६०० पिक्सेल लागतील. व्हेक्टरला या हिशोबाची गरजच नाही.

पायरी १: आधी सरळ फोटो

मार्की काढता येत असेल तर स्कॅनरवर तुकड्या-तुकड्यानं स्कॅन करायची. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर थोडा चढला पाहिजे, म्हणजे नंतर जोडता येतो. बाजूची फळी स्कॅनरवर मावत नाही, तिचा फोटोच काढावा लागतो. तो काढताना:

- जवळ उभं राहून काढू नका. फोनची लेन्स जवळून कडा ताणते. लांब जाऊन २ एक्स झूम वापरा.
- फोन फळीला समांतर धरा, वर-खाली तिरका नको.
- फळीवर मोजून चार कोपऱ्यांना चार कागदी खुणा चिकटवा. त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा. नंतर फोटो एडिटरमध्ये पर्स्पेक्टिव्ह सुधारताना त्या खुणांचा बरोबर आयत झाला पाहिजे.

ही पायरी चुकली की पुढचं सगळं तिरकं. गोल लंबगोल होतो आणि आपण तो मन लावून लंबगोलच काढत बसतो.

पायरी २: ऑटो ट्रेसचा मोह

बहुतेक व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकून एका क्लिकवर व्हेक्टर करून देणारी सोय असते. मीही आधी तेच केलं. स्क्रीनवर मस्त दिसलं. फाइल घेऊन ओळखीच्या रेडियमवाल्याकडे गेलो. नंबर प्लेटची अक्षरं आणि गाडीवरची नावं कापणारे रेडियमवाले तुमच्याही गावात असतील. त्यांचं कटिंग मशीन व्हेक्टरवरच चालतं, ब्लेड त्या रेघेवरून फिरतं. म्हटलं, स्टेन्सिल कापून बघू.

त्यानं फाइल उघडली, झूम केली आणि माझ्याकडे बघितलं. "दादा, हे काय आणलंय? नुसता भुगा होईल."

खरंच होतं. कॉम्प्युटरला रेघ कुठली आणि ओरखडा कुठला हे कळत नव्हतं. रंगाचा प्रत्येक टवका, फोटोतला प्रत्येक डाग, लाकडाचा दाणा, सगळ्यांच्या भोवती त्यानं इमानेइतबारे रेघा मारल्या होत्या. हजारो नोड. त्यानं राक्षस ट्रेस केला नव्हता, राक्षसाची दुरवस्था ट्रेस केली होती.

पायरी ३: पेन टूल आणि थर

मग हातानं सुरुवात केली. मी इंकस्केप वापरलं, ते फुकट आहे. फोटो सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवून लॉक केला, पारदर्शकता कमी केली आणि वर पेन टूलनं रेघ ओढत गेलो. काही नियम पहिल्या दिवसापासून पाळा:

- नोड जितके कमी तितकं वळण सुंदर. वळण जिथे सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जातं, तिथे नोड ठेवा.
- प्रत्येक रंगाचा वेगळा लेयर करा, जसं छापताना केलं होतं.
- रंग काळ्या रेघेच्या खाली थोडा घुसवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एक स्क्रीन जरा सरकली तरी मध्ये पांढरी फट दिसते, म्हणून रंग मुद्दाम पसरून ठेवतात आणि काळी रेघ ते झाकते. रंगाला अगदी काळ्या रेघेच्या कडेवर थांबवलंत तर तुमच्याही फाइलमध्ये केसाएवढी फट दिसेल.
- अक्षरं फॉन्टनं टाइप करू नका. त्या काळची बरीच शीर्षकं हातानं काढलेली असायची. 'जवळपास तसाच' फॉन्ट लावला की चेहराच बदलतो.

पायरी ४: रंग कुठला खरा?

फोटोतून आयड्रॉपरनं रंग उचलणं ही सोपी वाट आहे आणि चुकीची. उन्हानं लाल आणि पिवळे रंग लवकर उडतात, प्लास्टिक पिवळं पडतं, त्यात खोलीतल्या ट्यूबलाइटचा रंग फोटोत मिसळतो. मूळ रंग जिथे उजेड पोचला नाही तिथे शोधायचा. मार्की धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीखाली किंवा फळीच्या कडेला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीखाली सूतभर मूळ रंग शिल्लक असतो. तो उजेडात आणून छापील शेड कार्डाशी जुळवायचा आणि शेडचा नंबर लिहून ठेवायचा. स्क्रीनवर भरवसा नको, तुमच्या आणि माझ्या फोनवर एकच लाल वेगळा दिसतो.

आणि आता माझी चूक

माझ्याकडे एका संग्राहकानं पाठवलेले एकाच मशीनचे फोटो होते. राक्षसाच्या बाह्यरेषेत एका ठिकाणी छान वळण चाललेलं असताना मध्येच बारीकसा कोपरा होता, कापणाऱ्याचा हात अडखळावा तसा. मला वाटलं, रंग उडालाय. मी दोन नोड काढले, हँडल ओढलं, वळण एकदम गुळगुळीत झालं. मूळ चित्रापेक्षा छान! मी खूश.

काही आठवड्यांनी दुसऱ्या मशीनचे फोटो मिळाले. वेगळं मशीन, वेगळा मालक. सहज माझी फाइल त्यावर ठेवून बघितली. तोच कोपरा, त्याच जागी.

दोन वेगवेगळ्या लाकडांवर एकाच जागी एकसारखा रंग उडत नाही. तो कोपरा झीज नव्हताच, तो स्टेन्सिलमध्ये होता. म्हणजे ज्या माणसानं ते स्टेन्सिल कापलं, त्याच्या हाताची ती खूण. आणि मी ती 'दुरुस्त' केली होती.

उलटंही घडलं. दुसऱ्या एका कडेला रंग बाहेर पसरून रेघ फुगली होती, पण दोन्ही मशीनवर वेगवेगळ्या प्रकारे. ती फवारणीची गडबड. तिथे कड स्वच्छ करणं बरोबर होतं. एक मशीन तुम्हाला फक्त आज काय दिसतं ते सांगतं. झीज कुठली आणि मूळ काय, हे दुसरं मशीन बघितल्यावर कळतं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. तिथे विद्वान हेच करत होते: ठिकठिकाणची हस्तलिखितं शेजारी ठेवायची, कुठला शब्द कशात आहे आणि कशात नाही ते बघायचं, आणि वेगळे पाठ फेकून न देता खाली तळटीपेत नोंदवायचे. राक्षस आणि महाभारत यांची तुलना नाही, पण पद्धत तीच.

व्हेक्टर शंका दाखवत नाही

या चुकीची मला भीती का वाटली ते सांगतो. फाटलेला फोटो निदान प्रामाणिक असतो. टवका दिसतो, डाग दिसतो, इथे काहीतरी गेलंय हे कळतं. व्हेक्टरमध्ये मात्र सगळ्याच रेघा सारख्या धारदार. मी मोजून काढलेली रेघ आणि मी मनानं काढलेली रेघ, दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक शून्य.

आणि अशी फाइल पसरते. एकानं केलेली दुसरा वापरतो, तो तिच्यावरून स्टेन्सिल कापतो, जुनी फळी घासून नव्यानं रंगवतो. घासलेल्या फळीवर तो कोपरा होता. आता तो जगातून एका मशीनपुरता गेला. असं दहा वेळा झालं की माझी गुळगुळीत रेघच 'मूळ' ठरते, आणि ती चूक आहे हे तपासायला काही उरत नाही.

म्हणून आता मी तीन गोष्टी करतो, आणि तुम्हीही करा.

एक, जिथे अंदाज केला तो भाग वेगळ्या लेयरवर ठेवतो. लेयरचं नावच 'अंदाज'. कुणालाही तो एका क्लिकवर बंद करून बघता येतो.

दोन, फाइलमध्येच टीप लिहितो: किती मशीन बघितली, कुठला रंग कुठून घेतला, काय बदललं. एसव्हीजी हा व्हेक्टरचा खुला फॉरमॅट २००१ पासून वेबचं अधिकृत स्टँडर्ड आहे आणि ती फाइल म्हणजे साधा टेक्स्ट असतो. नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत आकडे आणि शब्द दिसतील. टीप चित्रासोबतच प्रवास करते.

तीन, मूळ फोटो डिलीट करत नाही. फाइल देताना फोटोही देतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

आर्केड मशीन शोधत बसू नका. घरातली काडेपेटी घ्या. तिच्या लेबलावर बहुतेक वेळा दोन-तीन सपाट रंग, ठळक रेघ आणि हातानं काढल्यासारखी अक्षरं असतात, म्हणजे सरावाला एकदम योग्य. उजेडात, सरळ वरून फोटो काढा. कॉम्प्युटर असेल तर इंकस्केप, नाहीतर फोनवर पेन टूल असलेलं एखादं व्हेक्टर ड्रॉइंगचं अ‍ॅप घ्या. आधी काळ्या रेघा, मग खालचे रंग. पहिल्या चित्राला दोन-तीन संध्याकाळी लागतील, त्यात लाज नाही.

एक लक्षात ठेवा, लेबल असो की राक्षस, चित्राचा हक्क ज्याचा त्याचाच राहतो. 'स्पेस इन्व्हेडर्स' आजही ताइतोचाच आहे. सराव वेगळा, आणि टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. विकायचं असेल तर परवानगी लागते.

आणि एकाच ब्रँडच्या दोन काडेपेट्या घ्या. पहिलीवरून काढा, दुसरीवर ठेवून तपासा. माझा तो कोपरा मी परत घातला आहे. वळण आता पूर्वीइतकं छान दिसत नाही, पण मशीनवर आहे तसं आहे.